मदत हवी आहे: राजम्याच्या बर्गरची टिक्की तव्यावर फुटते

मंडळी, भाची व्हीगन झाली आहे (मांस-अंडीच नाही, दूधही बंद) आणि रविवारी जेवायला येतेय. म्हणून काल राजम्याच्या टिक्क्या करून पाहिल्या. १ वाटी राजमा रात्रभर भिजवून कुकरला ६ शिट्ट्या, मग कुस्करून त्यात कांदा, आलं-लसूण, गरम मसाला, २ चमचे ब्रेडचा चुरा. थापताना छान, तव्यावर उलटली की भुगा! शेवटी तेच पोळीशी खाल्लं.

राजम्यात पाणी राहिलं असेल का? निथळून, तासभर फ्रीजमध्ये ठेवून भाजल्या तर? अंडं अर्थातच नाही. जवसाची पूड भिजवली की चिकट होते, ती घालू की भाजलेलं बेसन? बेसनाने भज्यांची चव येईल अशी धास्ती आहे. आणि हो, विकतच्या बर्गर पावात दुधाची पावडर असते का? तुम्ही कुठला आणता?