मदत हवी आहे: मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' – खरा वेग कुठला, वादक कोण, आणि 'पहिली' म्हणजे नक्की कशात पहिली?

भोंगेवाला

मंडळी, अमेरिकेतली कृष्णवर्णीय गायिका मेमी स्मिथ हिच्यावर दीड तासाचं श्रवणसत्र करायचं आहे. श्रोते नाट्यसंगीत-ख्यालवाले, जॅझ नवीन. 'क्रेझी ब्लूज'ची मूळ, ओके या अमेरिकन कंपनीची ४१६९ नंबरची १० इंची शेलॅक तबकडी वापरायला मिळते आहे. इथे अडलंय:

१. नेटवरच्या दोन प्रतींमध्ये सुराचा फरक जवळजवळ अर्ध्या स्वराचा आहे. खरी कुठली?
२. टर्नटेबलला मिनिटाला ३३ आणि ४५ फेरे एवढेच वेग आहेत. ७८ ची तबकडी त्यावरून संगणकावर उतरवता येईल का?
३. कुठे 'पहिली कृष्णवर्णीय गायिका', कुठे 'पहिलं ब्लूज', कुठे 'पहिलं जॅझ' असं वाचलं. श्रोत्यांना काय सांगायचं?
४. पियानो कोणी वाजवलाय? सॅक्सोफोनवाला कोलमन हॉकिन्स यात आहे का?

लेबलवाचक

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

तिच्या दोन तबकड्या लोक एकमेकींत मिसळतात. पहिली ओके ४११३, ध्वनिमुद्रण १४ फेब्रुवारी १९२०. 'दॅट थिंग कॉल्ड लव्ह' आणि मागे 'यू कान्ट कीप अ गुड मॅन डाउन'. साथीला कंपनीचा पगारी, गोऱ्या वादकांचा रेगा ऑर्केस्ट्रा. ही गाणी व्हॉडव्हिलच्या, म्हणजे तिकडच्या करमणुकीच्या रंगमंचाच्या वळणाची आहेत, ब्लूज म्हणवत नाहीत. दुसरी ओके ४१६९, मुद्रण १० ऑगस्ट १९२०. 'क्रेझी ब्लूज' आणि मागे 'इट्स राइट हिअर फॉर यू'. इथे साथीला कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ हाउंड्स संच आहे.

'पहिली कृष्णवर्णीय गायिका' हे सपशेल चूक. डेझी टॅप्लीने १९१० मध्येच कोलंबिया कंपनीसाठी एक युगुलगीत गायलं होतं. पुरुषांत तर जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन १८९० च्या दशकातला. 'पहिलं ब्लूज' हेही नाही, संगीतकार हँडीचं 'सेंट लुइस ब्लूज' प्रिन्सेस बँडने १९१५ मध्ये वाजवून ठेवलंय. गोऱ्या गायिका, विशेषतः मॅरियन हॅरिस, 'ब्लूज' नावाची गाणी १९२० च्या आधीपासून देत होत्या. श्रोत्यांना इतकंच सांगा: कृष्णवर्णीय गायिकेने गायलेलं, ब्लूज म्हणून बाजारात आलेलं पहिलं ध्वनिमुद्रण. तेवढं पुरेसं मोठं आहे. त्याच्या खपामुळेच कंपन्यांना कृष्णवर्णीय ग्राहक दिसला, आणि पुढच्याच वर्षी ओकेने त्याच्यासाठी ८००० क्रमांकांची वेगळी मालिका काढली.

गाण्याचं मूळही सांगण्यासारखं आहे. संगीतकार पेरी ब्रॅडफर्ड. हेच गाणं 'हार्लेम ब्लूज' या नावाने त्याच्या १९१८ च्या 'मेड इन हार्लेम' या रंगमंचीय कार्यक्रमात होतं, लिंकन थिएटरमध्ये. मेमीसाठी ओकेकडे खेटे घालणारा तोच. कंपनीच्या मनात आधी गोरी गायिका सोफी टकर होती.

बेसी, क्लारा, ट्रिक्सी या तिघी स्मिथ तिच्या नात्यातल्या नाहीत. बेसीची पहिली तबकडी १९२३ ची. पोस्टरवर मेमीच्या नावाखाली बेसीचा फोटो छापला जातो, तेवढं तपासून घ्या.

सुईकर

१ आणि २ एकत्र घेतो.

४५ वर उतरवा, चालतं. पण क्रम चुकला तर सगळं वाया.

आधी सुई. एलपीची सुई या खाचेत तळाला घासत जाते, हाती फक्त खरखर लागते. ७८ साठी साधारण ३ मिल, म्हणजे ०.००३ इंच टोकाची सुई घ्या. जमलं तर २.५ आणि ३.५ सुद्धा जवळ ठेवा. जुन्या पोलादी सुयांनी खाचेचा एक थर झिजलेला असतो. माप बदललं की सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागावर बसते आणि आवाजात लक्षात येण्याइतका फरक पडतो. वजन ३ ते ५ ग्रॅम, कार्ट्रिजवाल्याने सांगितलेल्या मर्यादेत.

धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नको. शेलॅक म्हणजे आपल्याकडचीच लाख, ती स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन लगेच पुसायचं. लेबल कोरडं ठेवा.

आता संगणकावर, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये:

– २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओत मुद्रण करा. मोनो नंतर.
– सर्वांत आधी क्लिक काढा. क्लिकचा टोकदारपणा शाबूत असतो तोवरच सॉफ्टवेअरला ती ओळखता येते. फिल्टर लावल्यावर ती बोथट होऊन गाण्यात मिसळते.
– फोनो प्रीअँपमधून घेतलं असेल तर त्यात आरआयएए वक्र, म्हणजे एलपीसाठी ठरलेला खर्ज-तार स्वरांचा समतोल, बसलेला असतो. १९२० चं मुद्रण मायक्रोफोनशिवाय, भोंग्यातून झालंय, त्यावर असा कुठलाही वक्र नव्हता. फिल्टर कर्व्ह ईक्यूमध्ये आरआयएए निवडून उलटा करा आणि लावा. हे वेग बदलण्याच्या आधी. वेग वाढवला की सगळ्या फ्रीक्वेन्सी वर सरकतात, मग उलटा वक्र चुकीच्या जागी बसतो. 'आवाज नाकातून येतो' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.
– मग वेग. ४५ वरून ७८.२६ साठी १.७३९ ने गुणा. ८० साठी १.७७८.
– डावा-उजवा चॅनल मिळवून मोनो करा. ४१६९ ची खाच आडवी हलणारी आहे, म्हणून बेरीज. ओकेच्या १९१९ पूर्वीच्या उभ्या खाचेच्या तबकडीवर बेरीज केली तर गाणंच नाहीसं होतं. तिथे एक चॅनल उलटा करून मग मिळवायचं.
– शेवटी १०० हर्ट्झच्या खाली आणि ५ किलोहर्ट्झच्या वर कापा. भोंग्यातून त्यापलीकडे गाणं असं फारसं पोचलेलंच नाही, कापताय ती खरखर. नॉइज रिडक्शन ६ डेसिबलच्या वर नेलं की गायिका पिंपात बसून गातेय असं वाटायला लागतं.

भोंगेवाला

क्रम उलटाच झाला होता, वेग आधी बदलला होता. पण मुळात ७८ धरायचे की ८०? वेग तपासायची स्ट्रोबोस्कोपची छापील रेषांची चकती लावून पाहिली (वेग बरोबर असला की दिव्याखाली रेषा थांबलेल्या दिसतात), रेषा थांबतच नाहीत.

सुईकर

चकतीवर ९२ रेषा असतील तर ती अमेरिकेच्या ६० हर्ट्झ विजेसाठी आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ती ६५ च्या आसपास स्थिर दिसेल. आपल्याला ७७ रेषांची लागते, ती ७७.९२ ला थांबते. ७५ रेषांची ८० ला. आणि दिवा जुना पिवळा बल्ब किंवा निऑन घ्या, बरेचसे एलईडी तसे लुकलुकतच नाहीत. अर्थात तुमच्या यंत्रात ७८ नाहीच, तेव्हा चकतीने फक्त ४५ तपासता येईल. त्यासाठी १३३ रेषा.

खरा वेग मात्र चकतीने कळत नाही. त्या काळी कापणीचा वेग स्टुडिओगणिक वेगळा असे. ७८ ऐवजी ८० वर लावलं तर सूर ४४ सेंट चढतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याला थोडा कमी. तुमच्या दोन प्रतींमधला फरकही अशाच, पण याहून मोठ्या वेगफरकातून आला असणार. पूर्ण अर्ध्या स्वरासाठी ७८ चे ८२.६ करावे लागतात.

पांढरीचार

त्यावर हार्मोनियमवाल्यांचा उपाय. शेवटच्या कॉर्डवर ट्यूनर धरा. समजा सूर काळी दोन आणि पांढरी तीनच्या मध्ये लटकतोय, तर दोन्हींपैकी एकीवर आणणारा वेग काढा आणि कोणता वेग ७६ ते ८२ मध्ये बसतो ते पाहा. दोन्ही बसले तर कॉर्नेट-ट्रॉम्बोनवाल्यांना सोयीची पट्टी धरा: काळी दोन, पांढरी चार, काळी पाच. पांढरी तीनमध्ये ब्रासवाले आपण होऊन जात नाहीत. हा पुरावा नव्हे, पण कल कळतो. एकाच दिवशी झालेल्या दुसऱ्या मुद्रणावर तोच वेग लावून पाहा, तिथेही सूर पट्टीवर आला तर निर्धास्त राहा.

लेबलवाचक

चौथा प्रश्न राहिला. हॉकिन्स नाही. ऑगस्ट १९२० मध्ये तो १५ वर्षांचा होता, मेमीच्या संचात नंतर आला. पियानोवर विली 'द लायन' स्मिथ की स्वतः ब्रॅडफर्ड, यावर जुना वाद आहे. कॉर्नेटला कुठे जॉनी डन, कुठे अ‍ॅडिंग्टन मेजर लिहिलेलं सापडेल. ट्रॉम्बोन डोप अँड्र्यूज, क्लॅरिनेट अर्नेस्ट इलियट, व्हायोलिन लिरॉय पार्कर. पत्रकात पियानोपुढे दोन्ही नावं 'किंवा' घालून छापा. एकच छापणाऱ्या वेबसाइटवरून उचलू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाची, सँटा बार्बराची ऑनलाइन सूची वापरा. मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मुद्रणाचा कंपनीने दिलेला क्रमांक, ७५२९ टाकला की तबकडी सापडते. नंबरापुढचं अक्षर म्हणजे टेक, गाण्याचा कितवा प्रयत्न ते, तुमच्या प्रतीवर सी आहे का बघा.

सत्राच्या क्रमात १९२६ चं व्हिक्टरवरचं 'गोइंग क्रेझी विथ द ब्लूज' जरूर ठेवा. ते मायक्रोफोनवरचं आहे. 'क्रेझी ब्लूज'च्या लगेच पाठोपाठ लावलंत तर भोंग्यात गाताना तिला किती जोर लावावा लागत होता ते श्रोत्यांना न सांगता कळेल. भोंग्यात गायलेली गौहर जान ऐकलेल्यांना तर लगेच. वेळ उरला तर १९३१ चं 'जेनीज बॉल'.

भोंगेवाला

सी आहे. उद्या २.५ ची सुई येतेय, तिच्यावर दोन्ही बाजू पुन्हा उतरवतो आणि शेवटच्या कॉर्डचे आकडे इथे टाकतो. सत्राचं मुद्रण नंतर यूट्यूबवर टाकायला हरकत नाही ना?

लेबलवाचक

अमेरिकेत १९२३ च्या आधीची मुद्रणं १ जानेवारी २०२२ पासून मोकळी झाली आहेत, तेव्हा १९२० ची दोन्ही चालतील. १९२६ चं तिथे २०२७ च्या जानेवारीत मोकळं होतं, १९३१ चं २०३२ मध्ये. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत ६० वर्षं. तरी स्वतः उतरवलेलीच प्रत वापरा. कुणाच्या साफ केलेल्या सीडीवरून घेतलंत तर स्वयंचलित दावा येतो आणि तो सोडवत बसावं लागतं.