रिपोर्टमधलं 'नॉर्मल' नक्की कोणाचं?

निर्झरा

गेल्या महिन्यात माझा प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यावर अंडाशयातून सुटणाऱ्या संप्रेरकाचा (हॉर्मोनचा) रिपोर्ट आला. आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण. डॉक्टरांनी सगळं शांतपणे समजावलं, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण बाणाशेजारी छापलेली 'नॉर्मल'ची हद्द कोणाच्या शरीरावरून आखली, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. तेव्हापासून वाचतेय. वाचून जे मत झालं ते इथे मांडते, खोडायचं असेल तर जरूर खोडा.

बाईच्या संप्रेरकांची सगळ्या जगाला लागू पडेल अशी एक पातळी नसते. ती कुठे वाढली, काय खाऊन वाढली, किती राबली, यावर ती ठरते.

हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ पीटर एलिसन यांनी लाळेतून प्रोजेस्टेरॉन मोजायची पद्धत प्रयोगशाळेबाहेर नेली. सुई नको, बाई स्वतःच रोज नमुना घेऊ शकते, त्यामुळे पाळीचं अख्खं चक्र हाती लागतं. बोस्टनमधल्या बायका, नेपाळच्या डोंगरातल्या तामांग बायका आणि काँगोतल्या इतुरी अरण्यात शेती करणाऱ्या लेसे बायका यांची तुलना १९९३ साली प्रसिद्ध झाली. वयाचा चढउतार तिन्हीकडे एकाच घाटाचा निघाला. विशीच्या सुरुवातीला कमी, पंचविशी ते पस्तिशीत सगळ्यांत वर, मग उतार. पण बोस्टनची रेषा बरीच वर आणि बाकी दोन्ही तिच्या खाली. या बायका आजारी नव्हत्या. त्यांना मुलं होत होती.

मग खालचा बाण नक्की कशाच्या खाली?

पायवाट

निर्झराताई, प्रश्न चांगला आहे, उत्तर मला धोक्याचं वाटतं.

लेसे बायकांवरच्याच कामात पुढे काय दिसलं तेही सांगायला हवं. जुनं धान्य संपलं आणि नवं पीक हाती यायचं असेल, अशा टंचाईच्या महिन्यांत ज्यांचं वजन उतरलं त्यांचं प्रोजेस्टेरॉन घसरलं, स्त्रीबीज बाहेर पडण्याचं प्रमाणही कमी झालं. तामांग बायकांचं तेच. पावसाळ्यात शेतीची कामं अंगावर येतात, वजन घटतं, संप्रेरकं खाली जातात. याला तुम्ही 'त्यांचं नॉर्मल' म्हणणार? मी याला अपुरं अन्न आणि अति कष्ट म्हणते.

मी पोषण आहाराच्या कामात बरीच वर्षं आहे. 'या भागातल्या बायका मुळातच अशा असतात' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं तरी पोटात गोळा येतो. त्यापुढे ठरलेलं वाक्य असतं, 'मग यांना एवढं द्यायची काय गरज?'

कवडसा

अन्नाचं पटतं, पण हवामानाचं काय? उष्ण प्रदेशात मुली लवकर शहाण्या होतात असं लहानपणापासून ऐकत आलो. शिवाय उंच पहाडात प्राणवायू विरळ, त्याचाही परिणाम होतच असणार. हा भूगोलच झाला ना?

निर्झरा

कवडसा, उष्ण हवेचं ते जुनं मत टिकत नाही. नॉर्वेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पहिली पाळी सोळा-सतराव्या वर्षी येई, विसाव्या शतकात ती तेराच्या आसपास आली. एवढ्या वर्षांत नॉर्वे काही विषुववृत्ताकडे सरकला नाही. बदललं ते ताटातलं अन्न आणि लहानपणची आजारपणं.

उंचीचं उत्तर बोलिव्हियात सापडतं. ला पाझ शहर साधारण ३,६०० मीटरवर आहे. व्हर्जिनिया विट्झथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच शहरातल्या गरीब आणि बऱ्या स्थितीतल्या बायकांची तुलना केली. तीच हवा, तोच विरळ प्राणवायू, पण गरीब बायकांचं प्रोजेस्टेरॉन कमी. उंचीचा काहीच परिणाम नसतो असं मी म्हणत नाही. पण नकाशात 'उंची' म्हणून जे दिसतं त्यात गरिबीही मिसळलेली असते, आणि दोन्ही वेगळं केल्याशिवाय उंचीला दोष देता येत नाही.

पायवाट

ला पाझचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो! गरीब बायकांत नुसता आकडाच कमी नव्हता, बीज बाहेर पडलं अशा चक्रांचं प्रमाणही कमी होतं. म्हणजे शरीर वेगळ्या पट्टीवर छान चाललंय असं नाही. ते हात आखडून चाललंय.

दवबिंदू

दोघींनी एक शक्यता सोडलीय. वंश. वेगवेगळ्या लोकांत जनुकंच वेगळी असतील तर?

निर्झरा

दवबिंदू, मला सगळ्यांत जास्त हलवणारा अभ्यास नेमका याच प्रश्नावरचा आहे. अलेहान्द्रा नुन्येज-दे ला मोरा, जिलियन बेंटली आणि इतरांचा, २००७ चा. बांगलादेशातल्या सिल्हेटमधून लंडनला गेलेल्या बायका. कोणी मोठेपणी गेलेल्या, कोणी लहानपणी, कोणी तिथेच जन्मलेल्या, आणि सोबत सिल्हेटमध्येच राहिलेल्या. मूळ एकच. तरी लहानपणी गेलेल्यांचं प्रोजेस्टेरॉन मोठेपणी गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आणि पहिली पाळी लवकर. मोठेपणी गेलेल्यांच्या बाबतीत मात्र लंडनची हवा, लंडनचं अन्न यांनी पातळी तेवढी वर नेली नाही.

आणि पायवाटताई, हे खास तुमच्यासाठी. सिल्हेटच्या त्या बायका उपाशी नव्हत्या. खाऊनपिऊन सुखी घरांतल्या होत्या. मग फरक कशाचा? संशोधकांचा अंदाज असा की बालपणी शरीराला जंतुसंसर्गांशी सतत झुंजावं लागतं, ती ताकद वाढीतून वजा होते, आणि अंडाशय पुढच्या आयुष्याचा वेग तेव्हाच बेतून घेतात. म्हणजे आज पोटभर जेवणाऱ्या बाईच्या रिपोर्टमध्येही तिचं सातवं-आठवं वर्ष लिहिलेलं असू शकतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

ओंजळ

मी स्तनाच्या कर्करोगातून उठलेय, म्हणून एक बाजू मांडते जी इथे कोणी मांडली नाही.

सगळे 'कमी'ची काळजी करताय. जास्त म्हणजे चांगलं हे कोणी ठरवलं? बेव्हर्ली स्ट्रासमन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगॉन जमातीच्या बायकांचा हिशेब मांडला. उशिरा येणारी पाळी, बरीच बाळंतपणं, प्रत्येक मूल दीर्घकाळ अंगावर पाजणं. त्यामुळे आयुष्यभरात पाळ्या साधारण शंभर-सव्वाशेच. श्रीमंत देशांतल्या बाईला चारशेच्या आसपास येतात. दर चक्रात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं चढणार, स्तनांतल्या पेशी वाढीच्या तयारीला लागणार. पाळी लवकर सुरू होणं आणि उशिरा थांबणं यांनी या कर्करोगाचा धोका वाढतो, हे तर सर्वमान्य आहे. बोस्टनची उंच रेषा बघून मला हेवा वाटत नाही, भीती वाटते.

पायवाट

ओंजळताई, तुमच्या अनुभवापुढे वाद घालायला जीभ रेटत नाही. तरी एवढंच म्हणेन, की दहा बाळंतपणं आणि उपासमार हा कर्करोगावरचा उपाय कोणालाच नको.

ओंजळ

उपाय म्हणून नाहीच सांगितलं. वरची रेषा म्हणजे आदर्श हे गृहीत धरू नका, एवढंच.

रानवारा

पर्यावरण म्हटलं की माझ्या मनात आधी प्रदूषण येतं. १९७३ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आग रोखणारं पीबीबी नावाचं रसायन चुकून गुरांच्या खाद्यात गेलं, तिथून दूध-मांसातून माणसांत. ज्या आयांच्या अंगात ते जास्त साठलं आणि ज्यांनी मुलींना अंगावर पाजलं, त्या मुलींना पाळी लवकर आली. उलट रक्तात शिसं जास्त असलेल्या मुलींत वयात येणं लांबल्याचं आढळलंय. एक विष घड्याळ पुढे ढकलतं, दुसरं मागे. नुसतं अन्न आणि कष्ट धरून हे गणित सुटायचं नाही.

निर्झरा

रानवारा, मान्य. माझ्या मांडणीत ही जागा रिकामी होती.

पायवाटताई, पोलंडचं काम बघा. ग्राझिना यासिएन्स्का यांनी तिथल्या खेड्यातल्या शेतकरी बायका अभ्यासल्या. पोटभर खाणाऱ्या, वजन न घटलेल्या. तरी उन्हाळ्यात शेतीचे कष्ट वाढले की प्रोजेस्टेरॉन खाली. म्हणजे खाली जाणं हे दर वेळी कुपोषण नसतं. शरीर कष्टाचा अंदाज घेऊन थोडं थांबतं. आणि बोलिव्हियात शिकागोतल्या बायकांपेक्षा कमी पातळीवर गर्भ राहिले, टिकले. मग त्या आकड्याला दोष कसा म्हणायचं?

पायवाट

टिकले ते मोजलेत. न टिकलेलेही मोजा. विट्झथम यांच्याच पुढच्या कामात, बोलिव्हियातल्या त्याच डोंगराळ भागात, शेतीच्या कष्टाच्या महिन्यांत पहिल्या काही आठवड्यांतच गर्भ गळण्याचं प्रमाण जास्त निघालं. तुम्ही याला शरीराचं शहाणपण म्हणाल, आणि कदाचित ते असेलही. पण त्या बाईने नांगरणीच्या दिवसांत घरी बसायचं ठरवलं असतं, तर तिला तो पर्याय होता का? माझं भांडण तिच्या शरीराशी नाही. तिच्या डोक्यावरच्या ओझ्याशी आहे.

रिपोर्टच्या हद्दीबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. आणखी एक, हे संप्रेरक झटक्याझटक्याने रक्तात सुटतं, एकाच दिवसात आकडा कितीतरी पट वरखाली होतो. तपासणी 'एकविसाव्या दिवशी' करतात ती अठ्ठावीस दिवसांचं चक्र धरून. तुमचं चक्र किती दिवसांचं आहे?

निर्झरा

चौतीस-पस्तीस दिवसांचं. आणि हो, रक्त एकविसाव्याच दिवशी दिलं होतं.

पायवाट

मग पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी, म्हणजे सत्तावीस-अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा करता येईल का, असं डॉक्टरांना विचारा. तो बाण बहुधा चुकीच्या दिवसाचा आहे. बोस्टन आणि इतुरीवर आपण नंतर पुन्हा भांडू.