विषय: पुढचा उजवा ब्रेक सुटत नाही

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात मी घरासमोरच गाडीचे पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क बदलल्या. पहिला आठवडा काही जाणवले नाही. परंतु आता अर्धा तास गाडी चालवली की पुढच्या उजव्या चाकाजवळ जळका वास येतो, रिमला हात लावता येत नाही आणि उतारावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी आपणहून सरकत नाही. डावे चाक मात्र जेमतेम कोमट असते. एका गॅरेजने गाडी न पाहताच दोन्ही कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) बदलावे लागतील असे सांगितले. दुरुस्ती माझी असल्यामुळे चूकही माझीच असावी. ती शोधायची कशी, एवढे कोणी सांगावे.

नोव्हायहून (मिशिगन) एक सभासद

---

नमस्कार,

ब्रेक हेच माझे आयुष्यभराचे काम होते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. प्रथम, गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक फ्लुइड उकळले की त्यात वाफ धरते आणि ऐनवेळी पेडल तळाला जाते.

एकच चाक धरत असल्यामुळे, पेडलचा दाब सगळ्या चाकांकडे पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरवर संशय घेण्याचे कारण दिसत नाही. दोष तिथे असता तर किमान दोन चाकांनी तक्रार केली असती. गाडी नुसत्या जॅकच्या भरवशावर न ठेवता स्टँडवर घ्या, कोणाकडून तरी पेडल दाबून सोडवून घ्या आणि चाक हाताने फिरवून पाहा. ते अडले, तर त्या कॅलिपरचा ब्लीडर स्क्रू, म्हणजे फ्लुइड बाहेर सोडायचा स्क्रू, किंचित सैल करा. फ्लुइडची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला होता आणि कॅलिपरला फ्लुइड नेणारा रबरी होज आतून फुगला असण्याची शक्यता मोठी. मोकळे झाले नाही, तर पॅड दाबणारा पिस्टन, पॅड किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना यांपैकी काहीतरी अडकले आहे.

डिस्क ब्रेकच्या पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग नसते. त्याच्याभोवतीचे रबरी सील पेडल दाबताना किंचित पिळवटते आणि पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेते. सगळा कारभार त्या केसभर अंतरावर चालतो, त्यामुळे जराशी अडवणूकही पुरते. आपल्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे पॅड धरणाऱ्या ब्रॅकेटवर गंज चढतो आणि तो न खरवडता वर नवी क्लिप बसवली, तर पॅड घट्ट होते. पॅड बोटाने सरकले पाहिजे; हातोडी लागली, तर ते बसलेले नाही.

आता दोन प्रश्न. वरची पिन खाली आणि खालची वर, अशी अदलाबदल झाली नाही ना? आणि पिनांना ग्रीस कोणते लावले?

ट्रॉयहून एक जुना सभासद

---

काका, सप्रेम नमस्कार,

आपला दुसरा प्रश्न वाचतानाच मी चपापलो. पॅडसोबत आलेली सिलिकॉन ग्रीसची पुडी डाव्या बाजूलाच संपली होती, म्हणून उजवीकडे मी फळीवरच्या डब्यातले बेअरिंगचे ग्रीस लावले होते. ब्लीडर सैल करूनही चाक ढिम्म हलले नाही. वरची पिन सहज निघाली. खालची मात्र पाना लावून, पिळत पिळत काढावी लागली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या टोकावरचे रबरी बुश भिजवलेल्या हरभऱ्यासारखे टम्म फुगलेले होते. पिना जागच्या जागीच होत्या, एवढे तरी बरे.

आता नव्या पिना आणि रबरी बूट आणले आहेत. छिद्रे ब्रेक क्लीनरने धुऊन, कोरडी करून सिलिकॉन ग्रीस लावले. कॅलिपर आता दोन बोटांनी सरकतो.

---

नमस्कार,

बेअरिंगचे ग्रीस खनिज तेलाचे; ते त्या रबरात हळूहळू मुरते आणि ते फुगवते. म्हणूनच पहिला आठवडा सुखाचा गेला. उजवीकडची पॅड काढून पाहा. पृष्ठभाग काचेसारखा चकाकत असेल किंवा कडा भुरभुरत असतील, तर नवी घ्या, मात्र पॅड दोन्ही चाकांची एकदमच बदला. तापलेले फ्लुइडही बदलून टाका. ते रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. नंतर फेरी मारून दोन्ही बाजूंचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने ताडून पाहा, पण डिस्कच्या चकचकीत भागावर नव्हे, कारण तिथे आकडा खराखुरा नसतो, कमी दिसतो.