सल्ला हवा आहे: गोव्यात राहून स्वतंत्रपणे मराठी कथा-कादंबरी लिहिणे कसे निभावावे?

झुआरीकाठ (फोंडा)

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यात राहते आणि कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात काम करते. दिवाळी अंकांतून माझ्या कथा येत असतात आणि पहिली कादंबरी मी स्वखर्चाने काढली होती. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्यावर एका ट्रकमालकाच्या कुटुंबाची जी परवड झाली, त्यावरची दुसरी कादंबरी आता लिहून पूर्ण झाली आहे.

एका प्रकाशकाने ती 'सहभाग योजने'त काढण्याची तयारी दाखवली आहे. या योजनेत निम्म्याहून अधिक खर्च लेखकाने द्यायचा असतो आणि करारात सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील असे लिहिले आहे. हा मार्ग पत्करावा, की पहिल्यासारखेच स्वतः छापावे? स्वतः छापायचे झाल्यास प्रती किती काढाव्यात? आणि सर्वांत मोठा प्रश्न असा, की नोकरी सोडून पूर्ण वेळ लेखन करण्याचा विचार मनात घोळतो आहे, तो गोव्यासारख्या लहान राज्यात राहून व्यवहार्य आहे का? ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानमोगरा (म्हापसा)

ताई, कादंबरी पूर्ण झाल्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. खाणपट्ट्यातील घरांवर जे ओढवले त्याविषयी मराठी कथात्म साहित्यात फार थोडे लिहिले गेले आहे, त्यामुळे हे पुस्तक व्हायलाच हवे.

आधी कराराचे पाहू. लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणे हा रीतसर व्यवसाय आहे आणि त्यात आक्षेपार्ह काही नाही. परंतु ज्या पुस्तकाचा आर्थिक धोका लेखक पत्करतो, त्याचे हक्क दुसऱ्याकडे जाण्याचे कारणच काय? 'सर्व माध्यमे' आणि 'कायमस्वरूपी' हे दोन्ही शब्द मसुद्यातून काढले जात नसतील, तर आपण सही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. १९५७ चा प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा लेखकाच्या बाजूने बराच विचार करतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. हे संरक्षण मुख्यतः करारात काही लिहिलेले नसते तेव्हा कामी येते. 'कायमस्वरूपी' असे लिहून आपण ते स्वतःच्या हाताने सोडून देतो. मुद्रित पुस्तकाचे, ई-पुस्तकाचे, श्राव्य पुस्तकाचे, अनुवादाचे आणि चित्रपट-मालिकांचे हक्क वेगवेगळे असतात आणि ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या लोकांना देता येतात. प्रताधिकार लिहिताक्षणीच आपला होतो, त्याची नोंदणी सक्तीची नाही, आणि तो आपल्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. म्हणजे आज घाईघाईने केलेली सही आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचते.

त्या योजनेचा खर्चाचा तपशीलही मागवून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकासाठी, रक्कम लावलेली असेल तर कारण विचारा, कारण राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणारी राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते आणि व्यक्तिगत लेखकालाही तो मिळतो.

आता नोकरीविषयी. मी पूर्ण वेळ लेखन करते आणि त्यावर माझे घर चालते. पण 'लेखन' या शब्दात कथा-कादंबरीचा वाटा किती, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. माझ्या मिळकतीचा मोठा भाग अनुवाद, मुद्रितशोधन आणि श्राव्य मालिकांच्या संहितांमधून येतो. कादंबरीचे मानधन वर्षातून एकदा, तेही हिशेब आला तर येते, आणि दिवाळी अंकांचे मानधन कधी अंकाबरोबर, कधी पुढचा पाडवा उलटल्यावर. एका अंकाकडे माझे मानधन पुढच्या दिवाळीपर्यंत अडकून पडले होते आणि विचारणा करताना मलाच संकोच वाटत असे. हा संकोच सोडणे हा या व्यवसायाचाच भाग आहे. केलेल्या कामाचे पैसे मागणे म्हणजे लोचटपणा नव्हे.

म्हणून माझा सल्ला असा, की वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवलेला असेल आणि लेखनाच्या आसपासचे एखादे नियमित काम हातात असेल, तरच राजीनामा द्यावा. तोपर्यंत मिळकतीचे झरे एकेक करून मोकळे करावेत. मराठी ई-पुस्तक किंडलवर लेखकाला स्वतः टाकता येते; प्रतिलिपीसारख्या ठिकाणी क्रमशः कादंबरीला नियमित वाचक मिळतात; स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आल्यापासून मराठीत श्राव्य पुस्तकांची सवय वाढली आहे. मात्र क्रमशः लेखनाची प्रकृती वेगळी असते. प्रत्येक भाग उत्कंठेवर सोडावा लागतो, आणि आपली ट्रकमालकाची कादंबरी, वर्णनावरून तरी, तशा घडणीची वाटत नाही. तिचे तुकडे करू नयेत. त्यासाठी वेगळे काही लिहावे.

कराचेही एक सांगते. जुन्या कररचनेत राहणाऱ्या लेखकाला साहित्यिक पुस्तकाच्या रॉयल्टीवर ३ लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते. नव्या रचनेत ती नाही, आणि नियतकालिकांतील मानधनाला ती लागूच होत नाही. कररचना निवडण्यापूर्वी करसल्लागाराशी अवश्य बोलावे.

जुना जुळारी (मडगाव)

मी आयुष्यभर छापखान्यात काम केले, आधी खिळ्यांवर आणि नंतर संगणकावर, त्यामुळे छपाईपुरते लिहितो.

स्वतः छापणार असाल तर पहिल्या फेरीत ३०० पेक्षा अधिक प्रती काढू नका. ऑफसेटवर प्रती वाढतील तसा दर प्रतीमागे उतरतो हे खरे आहे, आणि त्या मोहात पडून लेखक हजार प्रती छापून मोकळे होतात. पण गोव्यात पुस्तकांचा साठा पावसाळ्यात सांभाळणे किती कठीण आहे याचा हिशेब कोणी धरत नाही. भिंतीला टेकवून ठेवलेल्या गठ्ठ्याच्या मागच्या प्रती श्रावण येईपर्यंत ओल धरतात, कडा पिवळसर तपकिरी होतात, मुखपृष्ठाचे लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटू लागते आणि पाने लाटांसारखी वळतात. अशी प्रत ग्राहकाच्या हातात देता येत नाही. गठ्ठे लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावेत आणि पुस्तक शक्यतो पाऊस सरल्यावरच छापून घ्यावे.

किंमत ठरवताना एक साधे गणित करा. समजा छापील किंमत ३०० रुपये ठेवली, आणि वितरकाने ४० ते ५० टक्के सूट मागितली, तर तुमच्या हाती १५० ते १८० रुपये येतात. त्यातून छपाई, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि भेटप्रती भागवायच्या आहेत. थेट वाचकाला विकलेल्या प्रतीत हे गणित सुधारते, म्हणून टपालाची सोय आधीच बघून ठेवा. टपाल खात्याने २०२५ मध्ये पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही स्वस्त सेवा सुरू केली आहे, तिची चौकशी करा.

आणखी एक. हस्तलिखित युनिकोडमध्ये, म्हणजे आज संगणक-मोबाइलवर सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, असेल आणि छापखाना जुन्या फाँटवर काम करत असेल, तर रूपांतरात अक्षरे फुटतात. 'दुसऱ्या', 'सुऱ्या', 'कोऱ्या' यांतला ऱ्य हमखास बिघडतो, आणि मजकूर ओळखीचा असल्यामुळे लेखकाच्या नजरेतून तो सुटतो. अंतिम मुद्रित कागदावर छापून घ्या आणि ज्याने कादंबरी कधीच वाचलेली नाही, अशा माणसाकडून ते वाचून घ्या.

झुआरीकाठ (फोंडा)

रानमोगरा ताई, जुळारी काका, दोघांचेही मनापासून आभार. हक्कांचे कलम बदलून मागितले आहे. प्रकाशकांनी नकार दिला तर स्वतःच छापेन, हे आता नक्की.

एक गोष्ट पहिल्या प्रश्नात लिहायची राहिली. पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा प्रकाशन समारंभाला सभागृह भरले होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, सत्कार झाले, आणि त्यानंतर अनेक महिने काहीच ऐकू आले नाही. पुस्तक वाचून त्याविषयी काही म्हणणारी माणसे फारच थोडी भेटली. प्रती खपल्या नाहीत याचे जेवढे दुःख झाले नाही तेवढे या शांततेचे झाले. आपण सर्व यातून कसे निभावता?

वाचनालयातून (डिचोली)

मी एका ग्रामीण वाचनालयात ग्रंथपाल आहे. ताई, ती शांतता वाटते तेवढी रिकामी नसते, हे मी माझ्या टेबलावरून रोज पाहते. आमच्याकडे एका गोमंतकीय लेखिकेची, फारशी कुठे चर्चा न झालेली कादंबरी आहे. तिच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी दोनदा भरली आणि आम्ही तिच्यावर तिसरी चिकटवली. ती कादंबरी नेणाऱ्यांत खाणीवर काम केलेली माणसे आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. यांच्यापैकी कोणी परीक्षण लिहिणार नाही आणि लेखिकेला पत्रही पाठवणार नाही. ते पुस्तक परत करताना फक्त विचारतात, 'बाईंचे आणखी काही आहे का?' लेखिकेपर्यंत हे पोहोचवणारी कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

म्हणून मी सुचवेन की सत्कार समारंभावर खर्च करण्याऐवजी आपण वाचनालयांत जावे. गावोगावच्या ग्रंथालयांत आणि मडगावच्या गोमंत विद्या निकेतनासारख्या संस्थांत वाचकांशी बोलण्याचे कार्यक्रम होऊ शकतात. वीस माणसे जमली तरी पुरे, मात्र त्यांनी पुस्तक आधी वाचलेले असावे, हा आग्रह धरावा. त्यासाठी प्रती महिनाभर आधी पाठवाव्यात.

प्रकाशक म्हणून आपलेच नाव असेल, तर १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या अन्य तीन ग्रंथालयांना प्रती पाठवण्याची जबाबदारी आपली असते. स्वतः पुस्तक काढणाऱ्या अनेकांना हे ठाऊकच नसते. पणजीतील पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयालाही प्रत अवश्य द्यावी. १८३२ पासूनची परंपरा असलेल्या या ग्रंथालयात उद्या कोणी खाणपट्ट्यावर अभ्यास करायला आले, तर आपले पुस्तक तिथे सापडले पाहिजे.

उत्सवी (माशेल)

थोडक्यात लिहितो, कारण पुस्तकांविषयी वर सर्व आलेच आहे. गोव्यात कथालेखकाला वाचक कमी आणि प्रेक्षक अधिक मिळतात. जत्रा, कालोत्सव, सप्ताह यांनिमित्त गावोगावची मंडळे आजही हौसेने मराठी नाटक उभे करतात, आणि कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठीही संस्थांना नव्या संहिता हव्या असतात. तीच ती जुनी नाटके करून मंडळेही कंटाळली आहेत. आपल्या कादंबरीतील एखादा प्रसंग, समजा ट्रक विकला जातो तो दिवस, एकांकिका म्हणून लिहून पाहा. मानधन मोठे नसेल, पण आपले वाक्य समोरच्या माणसांवर काय परिणाम करते ते त्याच रात्री कळते, आणि शांततेचा जो प्रश्न आपण विचारलात त्यावर मला तरी याहून चांगला उपाय माहीत नाही. प्रयोगाच्या परवानगीचे पत्र मात्र लेखी द्यावे आणि त्यात प्रयोगांची संख्या लिहावी.

रानमोगरा (म्हापसा)

उत्सवींच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे.

शांततेविषयी मी एकच सांगेन. पुस्तक छापायला जाईल त्याच आठवड्यात पुढच्या लेखनाची टिपणे सुरू करावीत. प्रकाशनाच्या दिवशी आपले सगळे मन त्या एकाच पुस्तकात गुंतलेले असेल, तर नंतरचे महिने फार जड जातात. पुढच्या गोष्टीतील माणसे मनात वावरू लागली, की अभिप्रायाची वाट पाहणे थांबत नाही, पण तिच्यावर दिवस अडून राहत नाही. शिवाय उन्हाळ्यातच दिवाळी अंकांच्या संपादकांचे निरोप येऊ लागतात. त्या वेळी हाताशी तयार कथा असणे व्यवहाराच्या दृष्टीनेही चांगले.

झुआरीकाठ (फोंडा)

सर्वांचे शतशः आभार. तूर्त नोकरी सोडत नाही. ३०० प्रती, त्याही पाऊस सरल्यावर. ई-पुस्तकाचे आणि श्राव्य हक्क स्वतःकडे. आणि प्रकाशन समारंभाऐवजी डिचोली, साखळी, सांगे आणि फोंडा या खाणींशी जवळचा संबंध असलेल्या भागांतील वाचनालयांत वाचकांशी गप्पा, असे ठरवले आहे. उत्सवी, ट्रक विकला जातो तो प्रसंग कादंबरीत खरोखरच आहे आणि तो जवळजवळ संपूर्ण संवादांतच आहे. एकांकिकेचा खर्डा झाला की आपल्याला वाचायला पाठवू का?

जुळारी काका, आमचा छापखाना जुन्याच फाँटवर काम करतो असे आज चौकशीत कळले. पूर्ण मजकूर देण्यापूर्वी तपासणीसाठी कोणती पाने द्यावीत?

जुना जुळारी (मडगाव)

ज्या प्रकरणात संवाद सर्वांत अधिक आहेत ते पूर्ण प्रकरण द्या. अवतरणचिन्हे, अर्धविराम, ऱ्य, श्र आणि ष्ट्र ही अक्षरे त्यात सापडतील असे पाहा. छापून आलेली पाने मूळ प्रतीशेजारी ठेवून, एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पाहावे. त्यात चुका अधिक निघाल्या, तर युनिकोडवर पाने लावणारा दुसरा अक्षरजुळणीकार शोधावा आणि छापखान्याला तयार पीडीएफ द्यावी.