चर्चा: ‘मदरबोर्ड कोणताही चालतो’ हा सल्ला नवख्यांना देऊ नये

घरजोडणी

पहिल्यांदाच घरी संगणक जोडू पाहणाऱ्या एका सदस्याला काल येथे असा सल्ला मिळाला: ‘मदरबोर्ड म्हणजे भाग बसवायची पाटी. अनोळखी कंपनीचा सगळ्यात स्वस्त घ्या आणि वाचलेले पैसे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डात घाला.’ त्याखाली एकानेही हरकत घेतली नाही, उलट अनुमोदनच दिले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मदरबोर्ड ही पाटी नाही. एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) बोर्डाला 12 व्होल्ट मिळतात, प्रोसेसरला मात्र साधारण सव्वा व्होल्टच लागतो. म्हणजे 120 वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला जवळजवळ 100 अँपियर प्रवाह लागतो, आणि तो क्षणाक्षणाला कमीजास्त करत पुरवण्याचे काम सॉकेटच्या बाजूला असलेले मॉस्फेट, चोक आणि कॅपॅसिटर करतात. बोर्ड स्वस्त करायचा असेल तर पहिली कात्री इथेच लागते, कारण या भागांच्या सहा फेजऐवजी (संचांऐवजी) तीन लावल्या आणि उष्णता बाहेर टाकणारा धातूचा हीटसिंक वगळला तरी संगणक सुरू होतोच, आणि विकत घेणाऱ्याला दुकानात काही कळत नाही.

माझ्या भाच्याने असाच एक बोर्ड घेतला. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की दहा-बारा मिनिटे सुरळीत चाले आणि मग प्रोसेसरचा वेग एकदम 800 मेगाहर्ट्झवर येई. प्रोसेसरचे तापमान 58 अंश दिसत होते, त्यामुळे संशय कुणावर घ्यावा हेच त्याला समजेना. त्याने थर्मल पेस्ट दोनदा बदलली, कूलर नवा आणला, विंडोज पुन्हा टाकले. शेवटी मी केबिनेटचा मागचा पत्रा काढून सॉकेटच्या डाव्या बाजूला बोर्डाच्या पाठीवर बोट टेकवले, तर ते क्षणभरही ठेववेना. मॉस्फेट तापल्यामुळे बोर्डच प्रोसेसरला थांबण्याची खूण करत होता. बोर्डावर वाचवले त्याहून जास्त पैसे त्याचे कूलरवर गेले होते, आणि तीन आठवडे गेले ते वेगळेच.

रेंडरची_रात्र

आपल्या भाच्याचे वाईट वाटले, परंतु एका शितावरून भाताची परीक्षा येथे लागू होत नाही. अशाच, ज्याचे नाव आपण कधी ऐकले नसेल, अशा कंपनीच्या एक्स99 (इंटेलचा वरच्या दर्जाचा चिपसेट) बोर्डावर मी चार वर्षे काम करतो आहे. त्यावर सर्व्हरमधून निवृत्त झालेला झिऑन ई5-2680 व्ही3 आहे, 12 कोअर, 24 थ्रेड. रात्री रेंडर लावून झोपतो आणि सकाळी काम तयार असते. नामांकित कंपनीच्या बोर्डाचा हट्ट धरला असता, तर त्या रकमेत चार कोअरचा प्रोसेसर आला असता आणि मी आजही अर्ध्या वेगाने काम करत असतो.

दोष लपवत नाही. संगणक स्लीपमध्ये गेला की परत येत नाही, म्हणून मी ती सोय बंद ठेवली आहे. बोर्डावर एक्स99 छापले असले तरी खाली बी85 हा साध्या बोर्डांवरचा चिपसेट (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) निघाला. आता कोणी याला फसवणूक म्हणेल. पण या प्रोसेसरमध्ये रॅमचा कंट्रोलर आणि पीसीआय एक्सप्रेसच्या 40 लेन (ग्राफिक्स कार्डासारखे भाग जोडणारे मार्ग) प्रोसेसरच्या आतच आहेत, चिपसेटकडे साटा (डिस्कची जोडणी), यूएसबी आणि असलेच किरकोळ काम उरते. माझे काही अडले नाही. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी ज्यांच्याकडे ते नाहीत त्यांना भीती घालू नये, एवढेच म्हणणे आहे.

जुना_तंत्रज्ञ

बोर्ड दुरुस्त करण्यात माझी अनेक वर्षे गेली आहेत, त्यामुळे दोघांच्याही म्हणण्यातली एक उणीव दाखवतो. आपण दोघेही नावावरून बोलत आहात. 2000 नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट इलेक्ट्रोलाइट भरलेल्या कॅपॅसिटरांनी जगभरचे बोर्ड मारले, आणि त्यात घराघरांत माहीत असलेल्या कंपन्यांचे बोर्ड ढिगाने होते. डोकी फुगलेले, कडेने तपकिरी द्रव गळालेले कॅपॅसिटर मी तेव्हा रोज उपसत असे. दुसरीकडे, आज ज्या अ‍ॅसरॉकला कोणी अनोळखी म्हणणार नाही, ती 2002 मध्ये स्वस्त बोर्ड काढण्यासाठीच सुरू झाली होती. आणि स्वस्त बोर्डांची बाजू घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की 1990 च्या दशकाच्या मध्यात काही 486 (तेव्हाचा प्रोसेसर) बोर्डांवर कॅशेच्या, म्हणजे वेगवान मेमरीच्या, चिप म्हणून आत काहीही नसलेले प्लास्टिकचे ठोकळे बसवलेले असत.

म्हणून नाव बाजूला ठेवून बोर्ड पाहा. मॉस्फेटवर हीटसिंक आहे का? तो स्क्रूने आवळला आहे की नुसता चिकटवला आहे? कॅपॅसिटर पॉलिमरचे आहेत की जुन्या पद्धतीचे? साध्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर 105 अंशाला 2000 तास लिहिलेले असेल, तर तापमान दर 10 अंशांनी उतरल्यावर आयुष्य साधारण दुप्पट होते. 85 अंशांवर 8000 तास, 65 अंशांवर 32000 तास. तोच भाग, तीच कंपनी. फरक केवळ हवा खेळते की नाही याचा.

खरी चीड मला निराळ्याच गोष्टीची येते. अनोळखी बोर्ड माझ्याकडे येतो तेव्हा त्याची आकृती किंवा बोर्डव्ह्यू (कोणता भाग कुठे आहे हे दाखवणारी फाइल) कुठेच मिळत नाही, कोणता मार्ग कुठे जातो हे मल्टिमीटर घेऊन एकेक बिंदू तपासत शोधावे लागते, आणि चांगला दुरुस्त होण्याजोगा बोर्ड भंगारात जातो.

लिनक्सकर

कॅपॅसिटर आणि हीटसिंक डोळ्यांना दिसतात म्हणून सगळे त्यांवर बोलतात. न दिसणाऱ्या बायोसचे, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे, काय? इंटेलच्या 13व्या आणि 14व्या पिढीतील काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे कायमचे खराब होत होते, आणि त्यावरचा 0x129 हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणारा दुरुस्तीचा कोड) ऑगस्ट 2024 मध्ये आला. तो बायोसमधून यावा लागतो. ज्या कंपनीचे संकेतस्थळच नाही तिच्या बोर्डाला तो कोण देणार? स्वस्त बोर्डावर महाग प्रोसेसर लावून वाचलेले पैसे प्रोसेसरात घालणाऱ्याने आपला प्रोसेसरच पणाला लावलेला असतो.

आणि रेंडरची_रात्र, आपण विषय काढलाच आहे तर विचारतो: आपला प्रोसेसर सर्व कोअरवर किती वेगाने चालतो?

रेंडरची_रात्र

3.3 गिगाहर्ट्झ. टर्बो अनलॉक केलेला, म्हणजे सर्व कोअर कमाल वेगाने चालू देणारा, बायोस टाकला आहे. त्यात लपवण्यासारखे काय आहे?

लिनक्सकर

तो बायोस कोणी बनवला, हे आपल्याला माहीत आहे का? कोणा अनोळखी माणसाने फाइल चढवली, आपण ती उतरवून थेट बोर्डाच्या मुळाशी बसवली आणि त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करत असाल. त्याखेरीज, ही युक्ती प्रोसेसरचा मायक्रोकोड बायोसमधून काढून टाकूनच चालते. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरांतली सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्यावर मायक्रोकोडमधून जी दुरुस्ती आली, तीच आपण 400 मेगाहर्ट्झच्या जादा वेगासाठी फेकून दिली आहे. हे स्वतःपुरते करा, माझी हरकत नाही. परंतु नवख्याला ‘माझे काही अडले नाही’ असे सांगताना हेही सांगायला हवे होते.

रेंडरची_रात्र

आपला सूर मला आक्षेपार्ह वाटतो. मी कोणाला माझा बायोस टाकायला सांगितलेले नाही. आणि नामांकित कंपन्यांच्या पावित्र्याचे एवढे पोवाडे गाता आहात, तर 2022 मध्ये उघडकीस आलेले कॉस्मिकस्ट्रँड हे घातक सॉफ्टवेअर कोणत्या बोर्डांच्या फर्मवेअरमध्ये (बायोसमध्ये) सापडले होते ते सांगा. एच81 चिपसेटचे, मोठ्या नावांचे बोर्ड होते ते. जुलै 2024 मध्ये समजले, की सिक्युअर बूटची (संगणक सुरू होताना सॉफ्टवेअर खरे आहे का ते तपासणाऱ्या सोयीची) ज्या चावीवर ‘डू नॉट ट्रस्ट’ असे लिहिलेले होते, तीच चाचणीची चावी मोठ्या कंपन्यांनी शेकडो मॉडेलांत तशीच ठेवून विकली. एप्रिल 2023 मध्ये रायझन 7000 चे एक्स3डी प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या, ते बोर्ड कोणत्या निनावी कारखान्यातले होते? ज्यादा पैसे मोजून हेच मिळत असेल, तर ते न मोजणाऱ्याला मूर्ख ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

लिनक्सकर

मूर्ख हा शब्द माझा नाही, तो आपण आणला आहे. उदाहरणे खरी आहेत, तेवढे मान्य करतो. पण पुढे काय झाले तेही सांगावे. एक्स3डी प्रोसेसरांचे प्रकरण बाहेर येताच एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर वगैरे भागांचे) 1.3 व्होल्टवर रोखणारा बायोस त्याच नामांकित बोर्डांना मिळाला. चूक सर्वांच्या हातून होते. ती दुरुस्त करायला दुसऱ्या टोकाला कोणी बसलेले आहे का, हाच माझा प्रश्न आहे आणि आपण त्याला बगल देत आहात.

माझ्या स्वतःच्या अनोळखी बोर्डावर, होय, मीही एकदा घेतला होता, नवीन एसएसडी बूट होत नव्हती. विक्रेत्याला सात पत्रे लिहिली. आठव्या दिवशी एक फाइल आली, तिचे नाव माझ्या बोर्डाच्या मॉडेलशी जुळत नव्हते. ‘टाकून पाहा’ एवढेच सोबत लिहिले होते. मी टाकली नाही, आणि ती एसएसडी आजही दुसऱ्या संगणकात आहे.

जुना_तंत्रज्ञ

टाकली नाहीत हे उत्तम केलेत. अशा फाइली टाकून बंद पडलेले बोर्ड मला नेहमी पाहावे लागतात, म्हणून जे घरी प्रोग्रॅमर (चिपमध्ये बायोस लिहिणारे उपकरण) घेऊन बसणार असतील त्यांच्यासाठी लिहितो. सीएच341ए या स्वस्त प्रोग्रॅमरची चिमटी बायोसच्या आठ पायांच्या चिपवर लावण्यापूर्वी चिपचा क्रमांक भिंगाने वाचा. काही बोर्डांवर फ्लॅश चिप 1.8 व्होल्टची असते, तिला अडॅप्टर न लावता 3.3 व्होल्ट दिले की ती मरते. जुन्या काळ्या प्रोग्रॅमरमध्ये तर डेटाच्या तारांवर 5 व्होल्ट येतात. बोर्डाचा वीजपुरवठा तोडा, नाणे-सेल काढा, आधी चिप दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का पाहा. वाचलेल्या फाइलमध्ये सगळीकडे एफएफ (रिकामेपणाची खूण) दिसले, तर चिमटी नीट बसलेली नाही. त्या अवस्थेत लिहायला गेलात तर मूळ बायोसही हातचा जाईल. मूळ प्रत जपून ठेवा, कारण अनोळखी बोर्डाचा बायोस दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

घरजोडणी

ज्या बोर्डासाठी भिंग, चिमटी आणि 1.8 व्होल्टचा अडॅप्टर जवळ ठेवावा लागतो, तो पहिल्यांदा संगणक जोडणाऱ्याला सुचवू नये, हेच मी सुरुवातीपासून म्हणतो आहे. आपण सर्व जाणकार आहात, एकमेकांना उत्तरे देऊ शकता. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र बिघाड कुठे आहे हेच कळत नाही. बोर्डाचा दोष प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस, विंडोज अशा सगळ्यांच्या रूपाने दिसतो, आणि नवखा एकेक भाग बदलत बसतो.

कोरी_पाटी

मूळ प्रश्न माझाच होता. येथे एवढी चर्चा होण्याआधीच मी बोर्ड घेऊन मोकळा झालो होतो. एच610 चिपसेट, कंपनीचे नाव येथे कोणीही ऐकलेले नसेल, वर इंटेल आय5-12400. मॉस्फेटवर हीटसिंक नाही. आता काय करावे, तेवढे कृपया सांगावे.

लिनक्सकर

12व्या पिढीचा प्रोसेसर असल्याने मी सांगितलेला व्होल्टेजचा घोटाळा आपल्याला लागू नाही. ते एक संकट टळले.

जुना_तंत्रज्ञ

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी तपासा. सर्व कोअरवर पूर्ण भार टाकून अर्धा तास चालवा, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि वॅट यांवर लक्ष ठेवा. 12400 सर्व कोअरवर 4 गिगाहर्ट्झपर्यंत जातो. पुष्कळ बोर्ड त्याची 65 वॅटची मर्यादा खुली सोडतात. बायोसमध्ये ती सापडली, तर 65 वर आणून पुन्हा तपासा.

कोरी_पाटी

तीन दिवसांनी कळवतो आहे. मर्यादा खुलीच होती, 80 वॅटच्या आसपास जात होती. चौदाव्या मिनिटाला वेग 4 गिगाहर्ट्झवरून घसरला आणि मग करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होऊ लागला. बायोसमध्ये मर्यादेचा पर्यायच नाही. सॉफ्टवेअरने 65 वर आणली तर वेग स्थिर राहतो, परंतु संगणक बंद करून सुरू केला की पुन्हा खुली होते. शेवटी जुन्या केबिनेटमधला 80 मिलिमीटरचा पंखा मॉस्फेटकडे तोंड करून केबल-टायने बांधला. आता मर्यादा खुली असतानाही तासभर वेग हलला नाही. दुसरा बोर्ड घेण्याएवढे पैसे नाहीत, म्हणून हाच ठेवतो आहे.

घरजोडणी

चालतो आहे हे मान्य करतो. परंतु जो पंखा बांधावा लागला, तो बोर्ड विकणाऱ्याने वाचवलेला हीटसिंक आहे, आणि त्याविषयी त्या सल्ल्यात एक अक्षरही नव्हते.

रेंडरची_रात्र

माझ्याही बोर्डावर पहिल्या दिवसापासून तसाच पंखा आहे. चार वर्षांत तो एकदा बदलला. इतका सवयीचा झाला होता, की लिहिताना आठवलाच नाही. पहिल्याच प्रतिसादात तो सांगायला हवा होता.