[मंडळ] शेडमध्ये मांजर व्यायली आहे, किल्ली हवी

शुभांगी:
मंडळी, शेडची किल्ली आज संध्याकाळी पुन्हा हवी आहे. काल ताशे ठेवायला गेले तेव्हा मागच्या कोपऱ्यात, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर मांजर व्यायलेली दिसली. करड्या पट्ट्यांची आहे. चार पिल्लं, डोळे नुकते उघडलेत. फुटक्या खिडकीतून तिची ये-जा चालते. त्या खिडकीला कृपा करून कोणी फळी ठोकू नका, ती बाहेर अडकली तर पिल्लं आत उपाशी मरतील. मला फक्त खाणं-पाणी ठेवायचं आहे.

विनायक (भांडार):
किल्ली माझ्याकडे आहे, या घेऊन. पण शेडमध्ये काही झालं तर आधी मला फोन करत जा, लिस्टवर नंतर. मखराच्या चौकटी बरोब्बर त्या सतरंज्यांच्या मागे आहेत आणि सजावटवाल्यांना त्या ५ सप्टेंबरला हव्यात. गणपती १४ ला बसतोय. मांजर नाहीतरी पिल्लांना सात घरं फिरवतेच, तेव्हा खोक्यात घालून सगळ्यांना हॉलच्या मागच्या पडवीत ठेवू. १९ तारखेच्या कार्यक्रमाला इतकी माणसं येतात, ज्यांना हवं ते पिल्लू घेऊन जातील.

मंजुषा:
विनायकराव, खोका नको, आणि कार्यक्रमात वाटणं तर मुळीच नको.

सात घरं ती स्वतः फिरवते, जागा स्वतः निवडून. आपण हलवलं तर बिथरून पिल्लं टाकून निघून जाऊ शकते, आणि या वयाच्या पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊबही धरून ठेवता येत नाही. मी कॅट्स प्रोटेक्शन या मांजरांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या इथल्या शाखेला मदत करते. तिथे पहिली गोष्ट हीच सांगतात: आई येत-जात असेल तर लांबून लक्ष ठेवा, हात लावू नका.

१९ सप्टेंबरला पिल्लं जेमतेम सहा आठवड्यांची असतील. आठ-नऊ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नयेत. किती जोरात चावायचं, पंजा कुठे आवरायचा, हे ती आईकडून आणि भावंडांकडून याच दिवसांत शिकतात. लसीचा पहिला डोसही त्याच सुमारास असतो.

आणि मांजरी कोणाची आहे ते आधी बघू या. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळलेल्या मांजराला वीस आठवड्यांचं व्हायच्या आत कातडीखाली ओळखीची चिप बसवणं सक्तीचं आहे, नाही बसवली तर ५०० पौंडांपर्यंत दंड. चिप निघाली तर मालकाला कळवायचं. नाही निघाली तरी ती बेवारस ठरत नाही. कायद्याने मांजर ही मालमत्ता आहे, परस्पर कोणाला देता येत नाही. गळ्यात कागदी पट्टी घालतात, 'ही तुमची आहे का? या नंबरवर कळवा' असं लिहून. कोणाची असेल तर त्या घरून फोन येतो.

मला सगळ्यात काळजी नसबंदीची आहे. मादी चार महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, पिल्लं अंगावर पीत असतानासुद्धा पुन्हा राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत व्याते. आपण चार पिल्लं चार घरी दिली आणि कोणी डॉक्टरकडे नेलीच नाहीत, तर पुढच्या गणपतीपर्यंत किती होतील याचा विचार करा. शाखेकडून गेली तर तपासणी, लस, जंताचं औषध, चिप आणि नसबंदी या सगळ्याची व्यवस्था होते.

अरविंदकाका:
शाखेतून घ्यायचं तर पैसे पडतात असं ऐकतो. मुक्या जनावराचे पैसे कसले? आमच्या लहानपणी चाळीतल्या मांजरीचा पाय जिन्याच्या फळीत चेमटला, तर वडिलांनी तिला भाजीच्या पिशवीत घालून लालबागहून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात चालत नेली. पिशवीतून फक्त डोकं बाहेर. तीन पायांवर बरीच वर्षं जगली. दिनशॉ पेटिट यांनी पत्नी साकरबाईंच्या नावाने ते उभं केलं म्हणून आमच्यासारख्यांची सोय झाली. तसलं काम इथल्या मंडळातही व्हावं. मी रोज सकाळी फिरायला तिकडूनच जातो, खिडकीत दुधाची वाटी ठेवत जाईन.

मंजुषा:
काका, दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ते सोसणार नाही. पाणी ठेवा आणि पिल्लांसाठीचं ओलं खाणं ठेवा, आईलाही तेच चालतं, त्यात ताकद जास्त असते. खिडकीत नको, आतल्या बाजूला.

पैशांचं म्हणाल तर एका पिल्लाच्या लसी, चिप, नसबंदी याचा खर्च त्या रकमेपेक्षा जास्त येतो. उरलेला भार देणग्यांवर असतो. बैलघोडाही दानावरच उभं राहिलं ना?

वैशाली (सजावट):
मखराचं काय ठरलं ते कोणीच सांगत नाहीये. चौकटी ५ ला मिळाल्या नाहीत तर रंगकाम होणार नाही. मुलांनी सुट्टीत बसून कागदी कमळं केली आहेत ती त्याच कमानीसाठी. मांजरीबद्दल मलाही वाटतं, पण सजावटीची तारीख भांडाराने परस्पर बदलू नये.

सई:
मला एक पिल्लू हवं आहे, खरंच. फक्त आम्ही भाड्याने राहतो आणि करारात 'प्राणी नको' लिहिलंय. मागे एजंटने तोंडीच नाही सांगितलं होतं. यात काही होऊ शकतं का?

प्रशांत:
सई, १ मे २०२६ पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरांचे नियम बदललेत. प्राणी ठेवायची परवानगी लेखी माग, कोणता प्राणी ते लिही. घरमालकाला २८ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं आणि सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नकोस, आजच मेल टाक.

मंजुषा:
सई, उत्तर आलं की मला सांग, तुझं नाव शाखेत देते. ती मंडळी तुझ्याशी बोलून ठरवतील, घरात दिवसभर कोण असतं, बाहेर रस्ता किती वाहता आहे वगैरे. त्याचा राग मानू नकोस.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, ज्यांच्या घरी मांजर आहे किंवा येणार आहे. गौरींना लिलीची फुलं आणू नका. पाकळी, पान, अंगाला लागून चाटले गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. हॉलमध्ये ठेवली तर एकवेळ ठीक, पण कार्यक्रमानंतर उरलेले गुच्छ लोक घरी नेतात. वैशाली, फुलांच्या ऑर्डरमधून लिली काढता येतील का? शेवंती आणि गुलाब पुरेत.

वैशाली (सजावट):
लिली काढते, ऑर्डर अजून गेलेली नाही. शेवंती वाढवते. पण शेवंतीसुद्धा मांजरांनी खाल्लेली चांगली नाही असं माझी बहीण म्हणते.

मंजुषा:
बरोबर आहे तिचं, पोट बिघडतं. फुलं उंचावर ठेवायची. लिलीची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे जीव जातो.

विनायक (भांडार):
आज संध्याकाळी शाखेच्या बाई येऊन गेल्या. शुभांगी, मंजुषाताई आणि मी होतो. बाईंनी आधी खाणं पुढे केलं, मांजरी खात असताना स्कॅनर मानेवरून फिरवला. चिप नाही. कागदी पट्टी घातली. कोणी पुढे आलं नाही तर पिल्लं जरा मोठी झाल्यावर आईसकट त्यांना शाखेच्या पालकघरात, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्यांच्या घरी, नेतील. सध्या पिल्लांचा हंगाम आहे, सगळी घरं भरलेली आहेत, म्हणून तोवर इथेच.

मी मोजून आलो. दाराकडच्या तीन चौकटी गठ्ठ्याला धक्का न लावता सरकवून निघतात. मधली कमान नाही निघत. वैशाली, कमानीच्या जागी नऊवारी आणि पैठण्यांचा पडदा करू, कमळं त्यावर टाचता येतील. ५ तारखेला चौकटी काढायला फक्त प्रशांत आणि मी आत जाऊ. खिडकीला जाळी गणपतीनंतर.

किल्ली सकाळी मंजुषाताईंकडे, संध्याकाळी शुभांगीकडे. ढोलवाल्यांनी तोवर शेडशेजारी सराव करू नये, मैदानाच्या त्या टोकाला जावं.

प्रशांत:
त्या टोकाला घरं अगदी लागून आहेत, रविवारी सकाळी तक्रार येईल. सराव दुपारी दोननंतर ठेवतो आणि हॉलच्या मॅनेजरला विचारून उद्या कळवतो.