शनीची कडी, वलये की खळे? आणि यान ‘चाटून’ गेलं म्हणावं का?

उचगावहून:
आठवीच्या पोरांचं भित्तिपत्रक चाललंय, विषय शनी आणि कॅसिनी यान. फळ्यावर लिहिलं, ‘यान शनीच्या कड्यांजवळून गेलं’. मागच्या बाकावरून लगेच, “बाई, शनीवर डोंगर आहेत?” पोराचं काय चुकलं? डोंगराचा कडा, हातातलं कडं आणि दाराची कडी, तिन्हींचं ‘कड्यांजवळून’च होतं. घरी कन्नड बोलणारी एक मुलगी म्हणाली, आमच्यात ‘कडे’ म्हणजे बाजू, तुम्ही उंगुर म्हणा की! सरळ ‘वलय’ लिहून मोकळी होऊ का? आणि यान ग्रहाजवळून नुसतं जातं, त्या इंग्रजीतल्या ‘फ्लायबाय’ला काय म्हणायचं?

निपाणीहून:
बाई, वलय व्याकरणाला सोपं, कबूल. पण आज वलय कुणाभोवती असतं? पुढाऱ्याभोवती, नटाभोवती. प्रसिद्धीचं, धूसर, हाताला न लागणारं. शनीभोवती आहे तो खराखुरा ऐवज. मुख्यतः बर्फ, रवाळ कणांपासून घराएवढ्या ढेकळांपर्यंत. पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर, आणि जाडी बऱ्याच ठिकाणी दहाएक मीटर. मला विचाराल तर ‘खळं’ घ्या. चंद्राला खळं पडतं, तेही बर्फाच्या बारीक स्फटिकांमुळेच.

येळ्ळूरहून:
अण्णा, चंद्राचं खळं आपल्याच आभाळात असतंय. ते चंद्राभोवती नाहीच, दिसतं तेवढंच. शनीचं तिथं आहे.
पण खळ्यावरनं आठवलं. लहानपणी आमच्यात भाताची मळणी बैलांनी व्हायची. मधे मेढ, तिला बांधलेली बैलांची पात. मेढीजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरायचा, बाहेरच्या कडेचा मात्र पळून पळून तोंडाला फेस आणायचा. दावं एकच, मग बाहेरच्याला जास्त पळावं लागणारच. शनीभोवतीचं जर एकसंध कडं असतं, तर तिथंही बाहेरची कड जोरात फिरली असती. १८९५ मध्ये कीलर या खगोलशास्त्रज्ञानं कड्यांच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला, त्यावरून वेग कळतो, तर उलटंच निघालं. आतलं जोरात, बाहेरचं हळू. म्हणजे दावं नाहीच, प्रत्येक ढेकूळ आपापल्या वाटेनं. मुख्य कड्यांत आतल्या अंगाला सेकंदाला वीस किलोमीटरच्या वर वेग, बाहेरच्या काठाला सतराच्या आत. मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं हे १८५९ मध्येच गणितानं सांगितलं होतं की अखंड कडं तिथं टिकणार नाही, मोडेल.
तेव्हा खळं म्हणायचं असेल तर दावं तुटलेल्या बैलांचं खळं म्हणा.

निपाणीहून:
हरलो! खळं मागे घेतो. पण मग ‘कडं’ही तितकंच खोटं की. कडं म्हणजे सोनारानं ओतलेलं, अखंड. होयगेन्स या खगोलशास्त्रज्ञानं १६५९ मध्ये ‘पातळ, सपाट, ग्रहाला कुठंही न टेकलेलं’ असं लिहिलं, त्याच्या डोळ्यांसमोरही अखंडच होतं.

खानापूरहून:
शब्द खोटा असला तरी रुळलेला आहे, राहू द्या. आपण सूर्य ‘उगवतो’ म्हणतोच ना. माझा आक्षेप ‘कॅसिनी विभाजन’ या शब्दाला. विभाजन म्हटलं की वाटणीपत्र डोळ्यांपुढे येतं. ती दोन मोठ्या कड्यांमधली ४,८०० किलोमीटर रुंद जागा आहे, आणि रिकामीही नाही, विरळ ऐवज आहेच तिच्यात. दोन रानांमधल्या पाणंदीसारखी. पाणंदीत गवत असतं, म्हणून ती रान होत नाही. बाहेरच्या मोठ्या कड्यातली एंकेची मात्र ‘फट’च, ३२५ किलोमीटरची, आणि तिच्यातून पॅन नावाचा चिमुकला चंद्र फिरतो, त्यानंच ती साफ ठेवलेली.
आता ‘फ्लायबाय’. एक शब्द पुरणार नाही. पायोनियर ११ (१९७९) आणि दोन्ही व्हॉयेजर (१९८०, १९८१) शनीजवळून एकदाच गेले, थांबले नाहीत. हुबळीची गाडी स्टँडात न शिरता हायवेवरून जाते तसं. त्याला आपण ‘बाहेरच्या बाहेर गेली’ म्हणतो. कॅसिनी तसं नव्हे. ते स्टँडात शिरलं आणि तेरा वर्षं राहिलं.

उचगावहून:
हे बरं सांगितलंत. मी आज तारखा लावून बघितलं, तर खरंच तीन वेगळे शब्द लागतात. १ जुलै २००४ ला कॅसिनी एफ आणि जी या दोन कड्यांमधल्या मोकळ्या जागेतून गेलं, अँटेनाची मोठी थाळी ढालीसारखी पुढे धरून. ते ‘मधून’. नोव्हेंबर २०१६ ते एप्रिल २०१७ वीस फेऱ्या एफच्या बाहेरच्या काठाला लागून. ते ‘चाटून’, गोळी कानाला चाटून गेली म्हणतो तसं. मग एप्रिल ते सप्टेंबर बावीस वेळा ग्रह आणि सगळ्यात आतलं कडं यांच्यामधल्या जेमतेम दोन हजार किलोमीटरच्या पट्ट्यातून, ताशी लाखभर किलोमीटरहून जास्त वेगानं. त्याला काय म्हणू?

येळ्ळूरहून:
बोळ. दोन्हीकडं भिंत, सायकल घातली की मागं फिरता येत नाही.

खानापूरहून:
बोळ झकास. पहिल्यांदा घुसताना धूळ किती लागेल याची धास्ती होती, म्हणून तेव्हाही थाळी पुढे केली होती. प्रत्यक्षात धुळीचे ठोके फारच कमी लागले, बोळ झाडून ठेवल्यासारखा. १५ सप्टेंबर २०१७ ला यान मुद्दामच ग्रहात घातलं, इंधन संपत आलं होतं आणि भरकटून ते एन्सेलॅडस किंवा टायटन या शनीच्या चंद्रांवर आदळायला नको होतं.

उचगावहून:
ठरलं. ‘कडे’ ठेवते, शेजारी ढेकळांचं चित्र. पाणंद, फट, बोळ तिन्ही घेते. पोरांना शब्द समजावावे लागणार नाहीत. मथळा लिहिलाय: ‘कॅसिनी एफकडे जाते’.

निपाणीहून:
बाई, जागा सोडून लिहा. ‘एफ कडे’ म्हणजे कडं, ‘एफकडे’ म्हणजे एफच्या दिशेनं. तुमचा मागच्या बाकावरचा सोडायचा नाही.